वणव्यानंतरच्या पहिल्या पावसाआधी जलशुद्धीकरण केंद्राची तयारी कशी करावी?

नमस्कार.

मी एका जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत काम करतो. आमच्या जलाशयाच्या पाणलोट क्षेत्राचा बराच भाग नुकताच वणव्यात जळाला. कच्चे पाणी आजही नेहमीइतकेच नितळ आहे, पण जळक्या उतारांवर पहिला जोरदार पाऊस पडेपर्यंतच ते तसे राहील, ही मला धास्ती आहे. पालापाचोळा जळताना त्यातील मेणचट द्रव्ये मातीत उतरून थिजतात, मग पाणी मुरत नाही आणि राख व माती घेऊन थेट जलाशयात येते. ऑस्ट्रेलियात २००३ च्या वणव्यांनंतर कॅनबेराला पाणी पुरवणाऱ्या कॉटर खोऱ्यातील जलाशय इतके गढूळ झाले की माउंट स्ट्रॉम्लो येथे नवे शुद्धीकरण केंद्र उभारावे लागले.

गढूळपणा एक वेळ निभावता येईल. जार टेस्ट (छोट्या भांड्यांत तुरटीच्या वेगवेगळ्या मात्रा घालून पाहण्याची चाचणी) वारंवार घेऊन तुरटीची मात्रा ठरवू, फिल्टरचे बॅकवॉश, म्हणजे उलट दिशेने पाणी सोडून धुणे, वाढवू. मला खरी चिंता आहे ती विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनची, म्हणजे राख व पालापाचोळ्यातून पाण्यात उतरणाऱ्या सेंद्रिय द्रव्यांची. तो तुरटीची गरज वाढवतो, क्लोरिन खातो आणि क्लोरिनशी संयोग पावून ट्रायहॅलोमीथेनसारखी आरोग्याला घातक द्रव्ये तयार करतो, ज्यांची एकत्रित मर्यादा अमेरिकेत लिटरमागे ८० मायक्रोग्रॅम आहे. त्यांच्या भीतीने क्लोरिन कमी करावे, तर जंतूंना वाट मोकळी होते, आणि ते मला कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही.

म्हणून सुरुवातीचे क्लोरिन बंद करून, निवळण टाकीत हा कार्बन शक्य तितका काढल्यावरच क्लोरिन द्यावे, असा माझा विचार आहे. असे केल्यावर टाक्यांमध्ये शेवाळ धरते का? अशी सेंद्रिय द्रव्ये शोषून घेणारा पावडर स्वरूपातील सक्रिय कार्बन तुरटीच्या किती वेळ आधी घातल्यास उपयोगी पडतो?

दुसरा प्रश्न पाणी उचलण्याच्या पातळीचा आहे. जलाशयातून पाणी उचलणाऱ्या आमच्या मनोऱ्याला तीन वेगवेगळ्या खोलींवर दारे आहेत. येणारे गढूळ पाणी जलाशयातील पाण्यापेक्षा थंड असल्यास तळाशी सरकते आणि कोमट असल्यास वर पसरते, त्यामुळे पावसाआधीच प्रत्येक खोलीवरचे तापमान नोंदवायला सुरुवात केली आहे. मात्र तळाचे दार उघडण्यास मी कचरतो, कारण गाळात प्राणवायू संपला की लोह आणि मँगनीज पाण्यात उतरतात.

ज्यांनी असा हंगाम प्रत्यक्ष हाताळला आहे, त्यांनी पावसाच्या वेळी कोणते दार उघडे ठेवले आणि किती दिवसांनी बदलले, हे कृपया सविस्तर लिहावे.