अटेनमेंट २.३, आणि शिडी घसरतेच आहे

खडूफळा:
मेकॅनिकलला शिकवतो. शेवटच्या वर्षाच्या पोरांना मुद्दाम पहिल्या वर्षाचा प्रश्न घातला: भिंतीला टेकवलेली शिडी, फ्री बॉडी डायग्राम काढा, म्हणजे शिडीवरची सगळी बलं बाणांनी दाखवा. निम्म्याहून जास्त पोरांनी जमिनीवरचं घर्षण भिंतीपासून दूर जाणारं दाखवलं. म्हणजे शिडीला घसरायला मदतच! मेकॅनिक्स सगळ्यांचं सुटलेलं आहे, काहींना त्यात सत्तरच्या वर गुण. चार वर्षांत मुलगा काय शिकला, हे सुट्या विषयांच्या गुणांवरून कळत नाही. दरवर्षी तोच प्रश्न पुन्हा टाका, कुठे निसटतंय ते बघा, तिथलं शिकवणं बदला. २०१४ मध्ये एनबीएमार्फत (इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था) भारत वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे देशोदेशीच्या इंजिनिअरिंग पदव्यांना समकक्ष मानणाऱ्या कराराचा, पूर्ण सदस्य झाला, तेव्हा अपेक्षा हीच होती.

केटीमास्तर:
सर, आमच्यापर्यंत त्यातल्या फक्त एक्सेल शीट पोचल्या. पीओ (पदवी घेताना पोराला काय काय यायला हवं त्याची यादी), दर विषयाला पाच-सहा सीओ (त्या विषयातून काय यायला हवं ते), कुठला सीओ कुठल्या पीओला किती लागू, म्हणून चौकटीत १-२-३ भरत बसा. एनबीएची समिती यायच्या आदल्या रात्री टार्गेट खाली ओढून अटेनमेंट (ते किती साधलं याचा आकडा, तीनपैकी) २.३ करणारा मीच होतो. मी तासिका तत्त्वावर आहे, तुमच्या नव्या चाचणीची फाईलही माझ्याच गळ्यात पडणार.

खडूफळा:
फाईल नकोच. दहा मिनिटं, एक कागद, गुण नाहीत.

केटीमास्तर:
गुण नाहीत म्हटलं की पोरं कोरा कागद देतात. बघितलंय.

सबमिशनग्रस्त:
विद्यार्थी बोलतोय. इनसेम (सेमच्या मधली परीक्षा) ३० गुण, एंडसेम (शेवटची) ७०, आणि एंडसेमची तपासलेली उत्तरपत्रिका बघायची तर फोटोकॉपीसाठी अर्ज करा, पैसे भरा. मला मेकॅनिक्समध्ये ४३ पडले, सुटलो. घर्षण उलटं काढलं होतं की नाही, देव जाणे. टर्मवर्कचं (वर्षभराच्या प्रॅक्टिकल-असाइनमेंटचं) जर्नल तर मित्राचं बघून उतरवलेलं, सहीसुद्धा न उघडता मिळाली. कागद चूक दाखवून परत देणार असाल तर लिहू, बिनगुणांचाही.

चहाटपरी:
तीच शिडी दरवर्षी आली की उत्तर सीनियरच्या ग्रुपवरून आधीच येईल. संकल्पना तीच ठेवा, चित्र बदला. उतारावर उभी केलेली हातगाडी घ्या.

खडूफळा:
हातगाडी मान्य. कागद दुसऱ्या दिवशी परत, चुकीच्या बाणाला फक्त लाल गोल. केटीमास्तर, सेकंड इयरची दहा मिनिटं देता?

केटीमास्तर:
देतो. पण आयक्यूएसीला (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाला) पत्ता लागू देऊ नका, नाहीतर पुढच्या सेमला याचाही फॉरमॅट येईल.