‘पहेली’: लच्छीला विचारलं ते एकदाच!

पेठेतली लेक: काल इथे कुणीतरी २००५ च्या ‘पहेली’ला “स्त्रीच्या निवडीची गोड परीकथा, टोचत असेल त्याने बघू नये” असं लिहिलंय. मी बघितलाय म्हणूनच टोचतोय. नवरा किशनलाल धंद्याला परगावी जातो, लच्छीवर भाळलेलं भूत त्याचं रूप घेऊन घरी येतं, तिला खरं काय ते सांगतं, राहू की जाऊ हे लच्छीलाच विचारतं, इथवर मान्य. दिग्दर्शक अमोल पालेकरांनी तो प्रसंग झकास केलाय. पण नवरा परत आल्यावर? खरा कोण ते ठरवणार वाटेत भेटलेला मेंढपाळ आणि त्याची मशक, म्हणजे पाण्याची चामडी पिशवी! भूत शेवटी नवऱ्याच्या अंगात शिरतं, तेव्हा बाईसाहेबांना कुणी विचारलं? तिला नंतर कळतं. राजस्थानी लेखक विजयदान देथांच्या मूळ गोष्टीत भूत मशकीत कोंडलं जातं आणि ती नवऱ्यापाशीच उरते. दिग्दर्शक मणि कौलनी त्याच गोष्टीवरच्या १९७३ च्या ‘दुविधा’ सिनेमात तेच ठेवलं. ते जास्त प्रामाणिक.

आळशी बोका: आलं फिल्म इन्स्टिट्यूट अंगात! ‘दुविधा’ बघताना मी निम्म्यात घोरत होतो. ‘पहेली’त नसीर-रत्नाच्या आवाजात बाहुल्या बडबडतायत आणि तुम्ही प्रामाणिकपणा मागताय? ऑस्करला भारतातर्फे हाच गेला होता.

पेठेतली लेक: गेला होता. आला का काही घेऊन?

हिंजवडीचा हमाल: किशनलालला कुणी वालीच नाही. बाप म्हणाला म्हणून पाच वर्षं धंद्याला गेला, त्याला तरी कुणी विचारलं? लग्नाची हळद उतरायच्या आत मला कंपनीने ऑनसाइट, म्हणजे परदेशी कामावर पाठवलं होतं. नाही म्हटलं असतं तर बेंचवर, म्हणजे बिनकामाचा बसलो असतो.

पेठेतली लेक: आणि पहिल्या रात्री हिशोबाच्या वह्या घेऊन बसला, तेही बापानेच सांगितलं होतं का?

कोथरूडची सून: ऑनसाइटचं रडगाणं पुरे. आमचे हे साखरपुड्याआधीच व्हिसाची मुलाखत देऊन आले होते, मला सांगितलं लग्नानंतर. मी इथे सासूबाईंना डायलिसिसला नेतेय, हे तिकडे बर्फात फोटो काढतायत. शनिवारी व्हिडिओ कॉल, त्यात पहिला प्रश्न “आईने गोळ्या घेतल्या का?” ‘तू जेवलीस का’ विचारणारं भूत आलं असतं, तर मी त्याला गरम पोहे करून घातले असते. वर खोबरं.

हिंजवडीचा हमाल: मग तुम्हीही जायचं होतं की. डिपेंडंट व्हिसा मिळतो.

कोथरूडची सून: आणि माझी नोकरी तुम्ही करणार होतात? सासूबाईंकडे कोण बघणार, मेंढपाळ?

निवृत्त आजोबा: आमच्या वेळी नवरे मुंबईला नोकरी करून डेक्कन क्वीनने रात्री घरी यायचे. भुताला वेळच मिळत नसे.

कोथरूडची सून: आजोबा, त्या गाडीसाठी पहाटे उठून डबा कोण भरायचं तेही लिहा.

आळशी बोका: धागा सिनेमाचा आहे हो! ऑनसाइटचा वेगळा काढा.

हिंजवडीचा हमाल: बरं, वह्यांचं मान्य, तिथे किशनलाल गाढव ठरला. पण नवऱ्याच्या अंगात भूत घालून त्याला सुधारणं, ही काही बाईची निवड नव्हे. एवढं आता तुम्हीही कबूल करा.

पेठेतली लेक: अहो, मी वर दुसरं काय लिहिलंय? आधी धागा वाचा, मग भांडा.