ऑफिस, शेतरस्ता आणि अधूनमधून तुळजापूर: एकच सायकल घ्यायची तर कोणती?

जुळेसोलापूरकर

विजापूर रोडवरून अक्कलकोट रोड एमआयडीसीला जायचं, एका बाजूला साधारण दहा किमी. रविवारी होटगीच्या पुढं शेतात. तिथली शेवटची दोन किमी गाडीवाट आहे, काळं रान. महिन्यातून एकदा तुळजापूर करायचं मनात आहे. उंची 5 फूट 6 इंच, वजन 82 किलो, बजेट 18 हजार.

दुकानात दोन दाखवल्या. एक 26 इंची, पुढं-मागं सस्पेन्शन, 21 गिअर. दुसरी 29 इंची, पुढं सस्पेन्शन, 2.1 चे गुट्टीवाले टायर, डिस्क ब्रेक. दुकानदार म्हणतो, आपल्याकडच्या खड्ड्यांना सस्पेन्शनच पाहिजे. खरंय का?

बाभळीचा_काटा

दोन्ही नका घेऊ. या किमतीच्या फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणारा चिमटा) नुसती स्प्रिंग असते, उसळी आवरणारं तेल नसतं. खड्ड्यात दबतो आणि बाहेर पडताना तुम्हालाच वर फेकतो. चढाला उभं राहून पॅडल मारलं की बराच जोर त्या स्प्रिंगमध्ये जिरतो. वजन दोन-अडीच किलो, साधा लोखंडी फोर्क एक किलोच्या आसपास. मागच्या सस्पेन्शनचं तर नावच नको. बिजागरीच्या बुशात आपली धूळ गेली की मागचं चाक डावी-उजवीकडं डुलायला लागतं.

खड्डा टायरनं खायचा असतो. साधा फोर्क, 700×38 किंवा 40 चे टायर (38, 40 ही मिलिमीटरमधली रुंदी), मधोमध गुळगुळीत आणि कडेला बारीक नक्षी, अशी हायब्रीड बघा. गुट्टीवाला टायर डांबरावर घूं-घूं करत तुमचीच ताकद खातो, आणि तुमचं बहुतेक अंतर डांबरावरच आहे.

साइजसाठी पायाच्या आतल्या बाजूचं माप घ्या. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, पुठ्ठ्याचं पुस्तक मांड्यांमध्ये वर घट्ट दाबायचं, जमिनीपासून त्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजायचं. समजा 78 सेमी आलं. त्याला 0.883 नं गुणलं की 68.9 सेमी, म्हणजे दोन्ही पॅडलचे दांडे ज्या मधल्या आसावर फिरतात तिथपासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची. आडवा दांडा दोन पायांमध्ये घेऊन जमिनीवर उभं राहिल्यावर दांड्याच्या वर 3 ते 5 सेमी मोकळं राहिलं पाहिजे. 29 इंचीत या उंचीच्या माणसाला बरेचदा तिथंच अडतं, स्टिकरवर काहीही लिहिलेलं असो.

आता गिअर. 21 हा आकडा विसरा, दात मोजा. पुढं 48-38-28 आणि मागं 14-28 ही नेहमीची जोडी. 38-18 वर (पुढं 38, मागं 18 दात) पॅडलच्या मिनिटाला 70 फेऱ्या मारल्या तर ताशी 19-20 किमी, ऑफिसला तेवढं रग्गड. पावसाळ्यात संध्याकाळी घरी येताना पश्चिमेचा वारा थेट तोंडावर असतो, तेव्हा मागं 18 ऐवजी 20 दातांवर या. तुळजापूरच्या घाटात 28-28 म्हणजे 60 फेऱ्यांना ताशी आठ किमी. 82 किलोला ते जड जाईल. मागं 34 दातांचं मोठं चक्र असेल तर साडेसहावर येता आणि गुडघे वाचतात. फ्रीव्हील (मागच्या दातेरी चक्रांचा संच) नंतर बदलता येतं, पण त्याआधी डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) 34 पर्यंत चालतो का ते विचारा. चेनही लांब लागते, नाहीतर पुढं-मागं दोन्हीकडं सगळ्यात मोठं चक्र लावल्यावर डिरेलर ताणून मोडतो.

एक गोष्ट दुकानात कुणी सांगणार नाही. फ्रीव्हीलवाल्या हबमध्ये (चाकाचा मधला तुंबा) उजवीकडची बेअरिंग बरीच आत असते आणि बाहेर राहिलेला आस वाकतो. वजन 80 च्या वर, कॅरिअरवर डबा-बॅग आणि खड्डे असले की हे होणारच. बजेटमध्ये कॅसेटवालं हब (यात बेअरिंग टोकाजवळ असते) मिळालं तर आधी ते घ्या, डिस्कचं नंतर बघू. मागच्या चाकाला 36 तारा असल्या तर उत्तम.

गाडीवाट

वरचं बहुतेक पटतं, पण काळ्या रानाचं त्यांनी सोडूनच दिलं. जुलैत ती दोन किमी 700×38 नं होणार नाहीत. खरं म्हणजे कशानंच होणार नाहीत. ओली काळी माती टायरला गुंडाळते, फोर्कच्या फटीत आणि मडगार्डखाली गोळा होते, दहा पावलांत चाक जाम. म्हणून टायर आणि फ्रेममध्ये दोन्ही बाजूंनी बोटभर फट असलेली फ्रेम घ्या. मडगार्ड काढता येणारे प्लास्टिकचे बसवा. त्या दिवसांत सायकल बांधाला लावून चालत जायचं. चिखलात ओढत नेली तर डिरेलर ज्याला लटकतो तो हँगर वाकतो.

व्ही-ब्रेक (रिमला घासणारा) की डिस्क? चिखल रिमवर असतो, त्यामुळं इथं डिस्कला माझं मत. मात्र केबलवाल्या स्वस्त डिस्कमध्ये एकच पॅड हलतं. न हलणारं आतलं पॅड झिजलं की मागच्या स्क्रूनं थोडं चकतीकडं सरकवायचं, नाहीतर ब्रेकचा दांडा मुठीला टेकतो आणि लोक केबलच ताणत बसतात.

जुळेसोलापूरकर

हायब्रीड पक्की. पण काट्यांचं काय? कॉलनीत सगळे म्हणतात, पातळ टायर रोज पंक्चर होणार.

बाभळीचा_काटा

टायर पातळ असो की जाड, वेड्या बाभळीचा काटा दोन्हीतून जातो. रस्त्याच्या कडेची ती माती टाळा. दिवाळीनंतर सराटे वाळतात तेव्हा पायवाटेवर सायकल घालूच नका. टायरच्या आत जाड पट्टी बसवा, तिचं टोक मात्र सँडपेपरनं घासून पातळ करा, नाहीतर तेच ट्यूब कापतं. ट्यूब मोटारसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हची घ्या. हवा कुठल्याही पेट्रोल पंपावर भरते आणि व्हॉल्व्हची आतली सुई काढून सीलंटही (भोक आपोआप बुजवणारं द्रव) ओतता येतं. बारीक नळीच्या व्हॉल्व्हला खेड्यात पंप मिळत नाही.

पंक्चर काढताना टायरच्या आतून कापड फिरवा. काटा तिथंच राहिलेला असतो. तो न काढता ट्यूब घातली की पाच मिनिटांत पुन्हा बसते, आणि मग दोष बिचाऱ्या पंक्चरवाल्याला. शेजारी-शेजारी दोन भोकं दिसली तर तो काटा नव्हे, हवा कमी होती म्हणून रिमनं ट्यूब चिमटली.

82 किलोला 38 च्या टायरमध्ये मागं 60, पुढं 50 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). शेतरस्त्याला दोन्हीकडं दहा-दहा कमी. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभी करणार असाल तर आधीच थोडी कमी भरा. 30 अंशाला भरलेली 60 ची हवा 60 अंशाला 67 च्या आसपास जाते, त्यात जुनं पॅच सुटतं.

गाडीवाट

आणि तुळजापूर कोजागिरीच्या आठवड्यात ठरवू नका. रस्ता चालत जाणाऱ्यांनी भरलेला असतो. हंगामात उसाच्या ट्रॉल्या रात्री बिनलाइटच्या असतात, तुम्ही तरी इतरांना दिसायला हवेत, म्हणून मागचा लाल दिवा पहिल्याच दिवशी बसवा.