एनसीसी, पट्टकृमी की ‘मेंदूतला किडा’?

ओसरी: सासूबाईंना आयुष्यात पहिल्यांदा फिट आली. एमआरआयच्या रिपोर्टवर ‘न्यूरोसिस्टिसर्कोसिस’. डॉक्टर आपसात ‘एनसीसी’ म्हणत होते, पुतण्याला वाटलं परेडचं काहीतरी. घरी ‘मेंदूत किडा झालाय’ असं सांगितलं तर त्या रात्रभर झोपल्या नाहीत. त्यात एका पाहुण्याने मोबाइलवर वाचून ‘हा डुकराच्या मांसातून होतो’ असं जाहीर केलं. सासूबाई माळकरी, अंडंसुद्धा घरात येत नाही. ऐकणारा घाबरणार नाही आणि चिडणारही नाही, असा धड मराठी शब्द आहे का?

पाटीपेन्सिल: शाळेच्या पुस्तकात प्लॅनेरिया आणि लिव्हरफ्लूक या चपट्या कृमींच्या रांगेत ‘पट्टकृमी’ आहे. हिंदीत फीताकृमी. पण पट्टकृमी म्हणजे आतड्यातला पूर्ण वाढलेला, २ ते ७ मीटर लांबीचा प्राणी. मेंदूत असते त्याची अळी, द्रवाने भरलेल्या पिशवीत. तिचं नाव ‘सिस्टिसर्कस’, त्यातला ग्रीक ‘किस्टिस’ म्हणजे पिशवी आणि ‘केर्कोस’ म्हणजे शेपूट. शब्दाला शब्द ठेवून ‘पुच्छपुटी’ होईल, पण ते कोणी म्हणणार नाही, मीही नाही. ‘अळीकोष’ म्हणा.

गवती चहा: म्हणजे कोबीतली अळीच ना? आमच्याकडे त्या भीतीने कोबी बंद आहे.

दुसरी पाळी: हाच घोटाळा! ‘अळी’ म्हटलं की कोबी आठवतो. कोबीतली हिरवी अळी फुलपाखराची किंवा पतंगाची, तिचा मेंदूशी काही संबंध नाही. न्यूरोच्या वॉर्डात हे रोज सांगावं लागतं.

पाहुण्यांचं अर्धंच बरोबर आहे. डुकराच्या मांसात हे कोष भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दिसतात. ते मांस कच्चट राहिलं तर खाणाऱ्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. मेंदूचा आजार मात्र त्या कृमीच्या अंड्यांमुळे होतो. ती माणसाच्या शौचातून बाहेर पडतात आणि हाताला, पाण्याला, मातीला लागून दुसऱ्याच्या पोटात जातात. कोबीच्या पानावर असलीच तर ती अंडी, आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून माळकरी माणसालाही हा आजार होतो. न्यूयॉर्कमध्ये डुकराला शिवतही नाहीत अशा सनातनी ज्यू घरांत हे रुग्ण निघाले, १९९२ साली त्यावर लेख आला होता. संशयाचा काटा स्वयंपाकघरातल्या मदतनिसांच्या पोटातल्या कृमीकडे गेला. सासूबाईंना सांगा, त्यांच्या ताटात काही वावगं नव्हतं, कुणाचे तरी हात धुतलेले नव्हते.

ओसरी: हे लगेच वाचून दाखवते. पण रिपोर्टमध्ये ‘रिंग’ आणि ‘स्कोलेक्स’ही आहे. आणि डॉक्टर आधी ‘टीबीची गाठ असू शकते’ म्हणाले होते.

दुसरी पाळी: स्कोलेक्स म्हणजे अळीचं डोकं. कोषाच्या आत ठिपका दिसला की निदान जवळजवळ पक्कं. रिंग म्हणजे कोषाभोवती सूज आली की इंजेक्शन देऊन काढलेल्या फोटोत उजळणारं कडं. आपल्या देशात बरेचदा असा एकच छोटा डाग सापडतो, २ सेंटिमीटरच्या आतला. पूर्वी त्याला सरसकट टीबी समजून महिनोन्‌महिने औषधं देत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या न्यूरोसर्जननी असे डाग काढून तपासले, तेव्हा बहुतेक सिस्टिसर्कसचे निघाले. पुष्कळसे तर आपोआप विरतात. टीबीची गाठ सहसा मोठी आणि ओबडधोबड असते, तरी फरक दर वेळी सोपा नसतो. आणि ‘गाठ’ हा शब्द घरी नकोच, लोक थेट कॅन्सरवर जातात.

पाटीपेन्सिल: औषध अल्बेन्डाझोलच ना, शाळेत जंतनाशक दिनाला देतात तेच? आमच्याकडे फलकावर दर वर्षी ‘जंतुनाशक गोळ्या’ लिहितात. जंतुनाशक म्हणजे फिनेल! जंत आणि जंतू दोन्ही संस्कृत ‘जन्तु’चेच, पण मराठीने वाटणी करून टाकली आहे, ती पाळावी.

दुसरी पाळी: औषध तेच, पण शाळेत ४०० मिलिग्रॅमची एक गोळी देतात. इथे वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १५ मिलिग्रॅम, सहसा १० ते १४ दिवस. जिवंत कोष दोनपेक्षा जास्त असतील तर जोडीला प्राझिक्वांटेल हे दुसरं कृमीचं औषध. म्हणून फलक वाचून घरच्या घरी गोळी देणं धोक्याचं. अळी मरताना भोवती सूज वाढते आणि फिट उलट जास्त येऊ शकतात, त्यासाठी स्टेरॉइड आधीपासून देतात. डोळ्याच्या पडद्यापाशी कोष नाही ना, तेही आधी बघतात, नाहीतर दृष्टी जाऊ शकते. मेंदूवर आधीच दाब असेल तर ही गोळी थांबवून आधी दाब उतरवतात. कोषात चुना बसून खडा झाला असेल तर अळी मेलेलीच आहे, मग गोळीचा उपयोग नाही, फक्त फिटची औषधं. ती मात्र मनाने बंद करायची नाहीत.

गवती चहा: ‘फिट’ला आमच्या आजी ‘फेफरं’ म्हणायच्या, काही जण ‘मिरगी’. ‘आकडी’ वेगळी का?

पाटीपेन्सिल: बोलताना सगळं एकच. मला ‘आकडी’ बरा वाटतो, तो घडलेली गोष्ट सांगतो, माणसाला कायमचा रोगी ठरवत नाही. ‘अपस्मार’ कागदावर ठीक आहे. मात्र कुठलाही शब्द वापरा, चप्पल हुंगवू नका. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका.

ओसरी: ‘अळीकोष’ सांगून पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, “कोष? मग फुलपाखरू होईल की काय?” पण हसल्या. आता घरी येणाऱ्या प्रत्येकाला आधी मोरीकडे पिटाळतात, साबण संपत आलाय.