एका लढाईच्या दिवसात वॉरलॉक मागे पडतो, स्लॉट वाढवू का?

नवा_डीएम: डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं घेऊन खेळायचा खेळ, पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम. मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा. पार्टी पाचव्या लेव्हलची: विझर्ड, सॉर्सरर, वॉरलॉक (हे तिन्ही जादूगारांचे क्लास), फायटर (योद्धा). दिवसाला एकच लढाई होते. वॉरलॉकचे दोन स्लॉट (एक स्लॉट खर्चून एक स्पेल, म्हणजे मंत्र, टाकता येतो) दुसऱ्या राउंडलाच संपतात, मग नुसता एल्ड्रिच ब्लास्ट, हा स्लॉट न लागणारा हल्ला. त्याला चार स्लॉट द्यावेत का? शिवाय सॉर्सररकडे सहाच स्पेल आहेत.

वीसपैलू: चार स्लॉट देऊ नका, तिसऱ्या लेव्हलचे चार फायरबॉल एकाच लढाईत पडतील. त्याआधी स्लॉटच्या लेव्हलची बेरीज करून बघा. विझर्डचे पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट ४, ३, २, म्हणजे ४ + ६ + ६ = १६, आर्केन रिकव्हरीचे (दिवसातून एकदा विश्रांतीत परत मिळणारे) ३ धरून १९. सॉर्सररचेही १६, आणि ५ सॉर्सरी पॉइंट (त्याच्या क्लासचा खास साठा) मोडले की तिसऱ्या लेव्हलचा एक स्लॉट, म्हणजे तोही १९. वॉरलॉकचे फक्त ६, पण दोन शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती, तिच्यात वॉरलॉकचे स्लॉट परत भरतात) मिळाल्या तर १८! क्लास बरोबरीचेच आहेत, तुमच्याकडे रेस्ट होत नाहीये.

शॉर्ट रेस्ट तासाऐवजी दहा मिनिटांची करा, मात्र दोन लाँग रेस्टच्या (रात्रभराच्या विश्रांतीच्या) मध्ये दोनदाच. ही मर्यादा सोडू नका. नाहीतर सॉर्सरर-वॉरलॉक मल्टिक्लास करणारा (दोन्ही क्लास एकत्र घेणारा) प्रत्येक शॉर्ट रेस्टनंतर पॅक्टचे, म्हणजे वॉरलॉकचे, स्लॉट पॉइंटमध्ये आणि पॉइंट पुन्हा स्लॉटमध्ये बदलून साठा करत बसतो.

नकाशेवाला: लढाई एकच असेल तर दहा मिनिटांच्या रेस्टचा काय उपयोग? दिवसाची बांधणीच बदलायला हवी. पाचव्या लेव्हलला दिवसाचं बजेट माणशी ३,५०० एक्सपी (शत्रूंच्या ताकदीनुसार मोजायचे गुण), चौघांचं १४,०००. डेडली (सर्वांत कठीण दर्जाच्या) लढाईची पायरी माणशी १,१००, म्हणजे ४,४००. अशा तीन लढाया ठेवा, मध्ये दोन शॉर्ट रेस्ट. १३,२०० होतात, बजेटमध्ये बसतात. दर लढाईला वॉरलॉकचे दोन स्लॉट ताजे असतात, आणि विझर्डला हात राखून खेळावं लागतं.

कथेत दिवसाला एकाहून जास्त लढाई बसतच नसेल, तर शॉर्ट रेस्ट ८ तासांची आणि लाँग रेस्ट ७ दिवसांची हा पर्यायी नियम घ्या. त्यात मेज आर्मरसारख्या ८ तासांच्या स्पेलची पंचाईत होते, रोज एक स्लॉट जातो. त्यांची मुदत वाढवून द्या.

नवा_डीएम: तीन लढायांचं पटलं. सॉर्सररचं?

वीसपैलू: तिथे मात्र असमतोल खरा आहे. इंटेलिजन्स १८ असलेला विझर्ड वहीतल्या किमान १४ मधून रोज ९ निवडतो, शिवाय रिच्युअल (स्लॉट न खर्चता सावकाश करायचे स्पेल) त्या दिवसासाठी न निवडताही करतो. सॉर्सररचे सहाच, आणि लेव्हल वाढली की त्यातला फक्त एक बदलता येतो. अॅबरंट माइंड आणि क्लॉकवर्क सोल या नंतर आलेल्या सबक्लासना (सॉर्सररच्या उपप्रकारांना) १, ३, ५, ७, ९ या लेव्हलला दोन-दोन स्पेल जादा मिळतात. जुन्या सबक्लासलाही तेच द्या, यादी खेळाडूबरोबर बसून ठरवा. पाचव्या लेव्हलला १२ होतील. २०२४ च्या नियमांत या लेव्हलला विझर्ड आणि सॉर्सरर दोघांनाही ९ आहेत.

पॉइंट वाढवू नका. ट्विन केलेला (एकाच वेळी दोघांवर टाकलेला) हेस्ट, म्हणजे वेग वाढवणारा स्पेल, ५ पैकी ३ पॉइंट खातो ते योग्यच आहे. कॉन्सन्ट्रेशन (स्पेल चालू ठेवणारी एकाग्रता) तुटलं की दोन्ही साथीदारांची एकेक टर्न जाते, हे तेवढं खेळाडूला आधीच सांगा.