बॉलपेन, बाप आणि अ‍ॅन फ्रँक

निळी_शाई:
"अ‍ॅन फ्रँकची डायरी बापानेच लिहिली, त्या काळी बॉलपेन होतं कुठे?" नाझींपासून अ‍ॅमस्टरडॅममध्ये लपून राहिलेल्या ज्यू मुलीच्या डायरीबद्दलचं हे फॉरवर्ड पुन्हा फिरतंय. काल इथल्याच एका सुशिक्षित सभासदाने ते 'विचार करायला लावणारं' म्हणून चिकटवलं, म्हणून हा धागा.

बॉलपेनने लिहिलेल्या आहेत त्या दोन सुट्या चिठ्ठ्या. १९६०च्या सुमारास अक्षर तपासणाऱ्या तज्ज्ञांकडून कागदांत राहून गेलेल्या. पुढे डच युद्धसंशोधन संस्थेने कागद, शाई, डिंक, अक्षर सगळं तपासून घेतलं आणि १९८६मध्ये तिचे सगळे मसुदे शेजारी-शेजारी छापले.

बापाने, म्हणजे ऑटो फ्रँकनी, कात्री चालवली हे खरंच आहे. पण पहिली कात्री तिचीच. मार्च १९४४मध्ये लंडनला आसरा घेतलेल्या डच सरकारचे मंत्री बोल्केस्टाइन रेडिओवर बोलले की युद्धानंतर लोकांच्या डायऱ्या, पत्रं गोळा करू. मे महिन्यात ही मुलगी सुट्या कागदांवर सगळं नव्याने लिहायला बसली. ४ ऑगस्टला पोलीस आले.

तिखटमीठ:
'सुशिक्षित' पोचलं, आभार. बॉलपेन सोडलं, घ्या. पण तेराव्या वर्षीचं चौदाव्या वर्षी सुधारायचं, मग बापाने दोन्ही मसुदे कालवायचे, याला डायरी का म्हणायचं? कादंबरी म्हणा.

निळी_शाई:
काल बापाने लिहिली होती, आज मुलीने जरा जास्तच लिहिली. उद्याचा आरोप आजच सांगून ठेवा.

गच्चीवरून:
मला कीव येते ती फ्रिट्झ फेफरची. पन्नाशी उलटलेला दंतवैद्य, नोव्हेंबर १९४२मध्ये फ्रँक कुटुंबाच्या लपायच्या जागी आला आणि तेरा वर्षांच्या मुलीच्या खोलीत पडला. टेबलावरून दोघांचं वाजलं. तोही स्पॅनिश घेऊन बसायचा, पण सारं जग तिच्या बाजूनेच वाचतं. डिसेंबर १९४४मध्ये नॉयनगामेच्या छावणीत मेला बिचारा. त्याच्या सोबतिणीशी नाझी कायद्याने लग्नही करू दिलं नव्हतं, आणि युद्धानंतर तिच्या वाट्याला काय, तर पुस्तकातलं हे विनोदी पात्र.
चाळीत सहाजणांत एक टेबल होतं आमच्याकडे. दहावीला मी जिन्यात बसून अभ्यास केलाय. मला नका शिकवू.

पाटीपेन्सिल:
वयात येणारी मुलगी परक्या पुरुषाच्या खोलीत झोपवली, ते खटकत नाही तुम्हाला. टेबल खटकतं! आमच्याकडे वडिलांचे एक स्नेही महिनोन्‌महिने मुक्कामाला असायचे. मी कपडे बदलायला न्हाणीघरात. कुणी विचारलं नाही मला. तुमच्याकडे निदान जिना तरी होता.

गच्चीवरून:
अहो, आठ माणसं लपलेली! खाली गोदामात कामगार, दिवसा संडासात पाणी ओढायची चोरी. खोल्या काय पत्रिका जुळवून वाटायच्या होत्या?

पाटीपेन्सिल:
थोरल्या बहिणीला, मार्गोला, आईवडिलांच्या खोलीत हलवलं ना? तसंच फेफरला हलवता आलं असतं.

गच्चीवरून:
हो, आणि मिसेस फ्रँकनी कपडे कुठे बदलायचे? न्हाणीघरात?

सातबारा:
नेदरलँड्समधून एक लाखाहून जास्त ज्यू पाठवले गेले, परत आले पाचेक हजार. आणि इथे टेबलाची वाटणी चाललीय.

पाटीपेन्सिल:
आकडे आम्हालाही येतात, सातबारा. ते पुस्तक टेबलावरच्या भांडणांचंच आहे. ते सोसत नसेल तर इतिहासाचं गाईड वाचा.

तिखटमीठ:
निळी शाईंना एकच प्रश्न. तिने स्वतः तपकिरी कागद चिकटवून दोन पानं झाकली होती. २०१८मध्ये मागून उजेड टाकून, फोटो काढून ती वाचली गेली. आत निघाले चार चावट विनोद. पहिली कात्री तिचीच म्हणता, मग हीही तिचीच ना? ती का नाही मानली?

निळी_शाई:
हा मुद्दा बरा आहे. फॉरवर्डमध्ये नव्हता, म्हणजे तुमचा स्वतःचा दिसतोय.
मीही म्हणते, ती पानं वाचायलाच नको होती. बापाने बायकोबद्दलचं बोचरं गाळलं, त्यालाही मी नावं ठेवणार नाही. २ जानेवारी १९४४ला जुनी पानं चाळताना आईबद्दल आपण काय काय लिहिलंय ते पाहून ती स्वतःच चरकली होती.

पाटीपेन्सिल:
इथे मी दोघांच्याही विरुद्ध. नववीत असताना माझी डायरी आईने वाचली, वर मामीला वाचून दाखवली. पण अ‍ॅनला छापायचंच होतं, मेमध्ये पुस्तकाचं नावही ठरवलं होतं. आईवरचा राग गाळून 'गुणी बाळ' करू नका तिचं.
आणि गच्चीवरून, टेबल मिळालं तिला. ऑटो मध्ये पडले, फेफरला माघार घ्यावी लागली. पुढचं पान उलटायचं होतं.

गच्चीवरून:
उलटलंय. आठवड्यातून दोन दुपारी. बाकी पाच कुणाच्या, ते लिहायला फेफरकडे वही नव्हती.