घानात कोकोच्या शेतात सावलीची झाडं टिकत नाहीत, काय चुकतंय?

कुमासीकर

नमस्कार मंडळी. मी मूळचा कराडचा. गेली तीन वर्षं घानात कुमासीला आहे. कोको खरेदी करणाऱ्या एका कंपनीत शेतकऱ्यांबरोबरच्या कामाची जबाबदारी माझ्याकडे आहे. माझी गावं पश्चिमेला सेफ्वी विआवसोच्या बाजूला आहेत.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही तिथे ओफ्राम आणि एमिरे या सावलीच्या झाडांची रोपं वाटली. हिशोब हेक्टरी १५ ते १८ झाडांचा होता. रोपं फुकट दिली, खड्डे कसे घ्यायचे ते दाखवलं, फोटोही काढले. गेल्या महिन्यात मोजणीला गेलो. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला ३६ रोपं दिली होती, शेतात ४ सापडली. इथे वडीलधाऱ्या माणसाला 'नाना' म्हणतात, आपल्यासारखंच. नानांना विचारलं, बाकीची वाळली का? ते म्हणाले, "नाही, काढली." का काढली, तर उत्तर नाही. शेजारच्या शेतांतही तीच गत.

सावली कशाला हवी ते थोडक्यात सांगतो. कोको हे मुळात मोठ्या झाडांखाली वाढणारं झाड. उघड्या उन्हात लावलं तर सुरुवातीची वर्षं भरपूर फळ देतं, मग जमीन आणि झाड दोन्ही थकतात. डिसेंबरपासून सहाराकडून हरमाटनचा कोरडा वारा येतो, तेव्हा उघड्यावरची कोवळी झाडं होरपळतात. पूर्वी असं झालं की शेतकरी पुढचं रान तोडायचा. १८७९ साली तेते क्वार्शी नावाच्या माणसाने फर्नांडो पो बेटावरून बिया आणून पूर्वेला मांपाँगला लावल्या. तिथून कोको रान खात खात पश्चिमेकडे सरकत आला. सेफ्वीच्या पुढे आता आयव्हरी कोस्टची हद्द आहे. सरकायला जागा उरलेली नाही, जे करायचं ते याच जमिनीत करायचं.

त्यात भावाचं दुखणं. मार्च २०२४ मध्ये जागतिक बाजारात कोको पहिल्यांदाच टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला. त्या दिवशी माझ्या नानांना ६४ किलोच्या पोत्याला १,३०८ सेडी (इथलं चलन) मिळत होते, म्हणजे टनाला साधारण १,६०० डॉलर. इथे हंगामाचा भाव सरकार ठरवतं आणि पिकाचा मोठा भाग कोकोबोर्ड, म्हणजे सरकारचं कोको मंडळ, आधीच विकून मोकळं झालेलं होतं, म्हणून बाजार चढला तरी तो चढ शेतकऱ्यापर्यंत पोचला नाही. एप्रिलमध्ये भाव २,०७० आणि सप्टेंबरमध्ये ३,००० सेडी झाला. तोवर खूप जणांचं पीक घरातून गेलेलं होतं.

अशा माणसांना मी "झाडं का उपटलीत" म्हणून दरडावू शकत नाही, दरडावायचंही नाही. पण पुढच्या पावसाळ्यात पुन्हा रोपं वाटायची आहेत आणि ती पुन्हा उपटली जाणार असतील तर वाटण्यात अर्थ नाही. इथे बागायतवाले, वनखात्यातले, गावात काम केलेले बरेच जण आहेत. काय वाटतं तुम्हाला?

ऐनाची_सावली

कुमासीकर, मी गडचिरोली-चंद्रपूर भागात जंगलाच्या नोकरीत ३१ वर्षं काढली. तुमच्या नानांना काय विचारायला हवं ते सांगतो. झाडाबद्दल नका विचारू. "हे झाड मोठं झाल्यावर कोणाचं?" एवढंच विचारा.

आमच्याकडे शेताच्या बांधावर सागाचं रोप आपोआप उगवतं. कित्येक शेतकरी ते बोटभर असतानाच काढून टाकत. अडाणीपणा नव्हता तो. मोठा झालेला साग तोडायचा तर परवानगी, पंचनामा, वाहतुकीचा पास, आणि तोवर लाकूड आपलंच आहे हे सिद्ध करत फिरायचं. नको असलेला पाहुणा दारातूनच परत पाठवावा तसं ते रोप जायचं. बांबूचंही तसंच. तो बांधावर लावला तरी कायद्याच्या लेखी 'झाड' होता, थेट २०१७ पर्यंत. मेंढा-लेखाच्या ग्रामसभेच्या हाती २०११ साली स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना आला. हक्क हातात आल्यावर लोक बांबूकडे कसे बघायला लागले ते मी जवळून पाहिलंय.

आणि एक. ओफ्राम, एमिरे म्हणजे टर्मिनालिया. आपल्या ऐन, हिरडा, बेहड्याचे सख्खे चुलतभाऊ. इमारती लाकूड आहे ते. इमारती लाकूड म्हटलं की ठेकेदार आलाच. तिथला कायदा बघा.

वाडीवाला_गुहागर

आमची नारळ-सुपारीची वाडी आहे. त्यात वडिलांनी लावलेली कोकोची चाळीसेक झाडं अजून आहेत, म्हणून लिहितो.

ऐनाची_सावली म्हणतात ते बरोबरच असेल, पण मला दुसरं दिसतंय. माझ्या वाडीत सावली फुकट नाही, ती नारळ देते, सुपारी देते. वर नारळ, मध्ये सुपारी, खाली कोको, माडावर मिरी चढवलेली. कोकोला भाव नाही मिळाला तरी घर चालतं. १९८०च्या आसपास कर्नाटक-केरळात कोकोचा भाव पडला आणि खरेदी करणाऱ्यांनी पाठ फिरवली, तेव्हा शेतकऱ्यांनी कोको तोडला, सुपारी ठेवली. पुढे कॅम्पको या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने खरेदी हातात घेतली आणि १९८६ला पुत्तूरला स्वतःचा चॉकलेटचा कारखाना काढला, म्हणून तिथे कोको टिकला. तुमचं ओफ्राम कापायला येणार वीसेक वर्षांनी. तोवर नाना काय खाणार? सावलीला खायचं किंवा विकायचं काही देणारं झाडही द्या.

दुसरी गोष्ट, पाचोळा झाडू देऊ नका. कोकोचं फूल नखाएवढं, खोडावरच येतं, आणि मधमाशी त्याला फारशी विचारत नाही. चिलटासारखी बारीक माशी परागीभवन करते, ती कुजक्या ओल्या पाल्यात आणि केळीच्या कुजत्या बुंध्यात वाढते. वडील वाडी आरशासारखी स्वच्छ ठेवायचे तेव्हा फळ कमी धरायचं. मी केळीचे बुंधे चिरून झाडाखाली टाकायला लागलो तेव्हापासून फरक दिसतो. मात्र काळी पडलेली फळं तिथे ठेवायची नाहीत, ती काढून लांब पुरायची. सुपारीच्या कोळेरोगाच्या जातकुळीतलीच बुरशी आहे ती. पावसात एका फळावरून सगळ्या झाडावर जाते.

कुमासीकर

दोघांचेही मनापासून आभार. ऐनाची_सावली, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. काल आमच्या जुन्या सहकाऱ्याबरोबर दोन तास बसलो. तो इथलाच, अशांती शेतकऱ्याचा मुलगा.

इथे रानात आपोआप उगवलेलं इमारती झाड शेतात असलं तरी शेतकऱ्याचं नसतं. १९६२च्या कायद्यापासून ते लोकांच्या वतीने राष्ट्राध्यक्षांच्या नावे. ठेका मिळालेला माणूस येतो, झाड पाडतो, आणि चाळीस मीटरचं झाड पडताना खालचा कोको चिरडतो. शेतकऱ्याची संमती घ्यायची असते, भरपाई द्यायची असते, पण माझ्या सहकाऱ्याच्या वडिलांच्या शेतात दोनदा झाडं पाडली आणि दोन्ही वेळा त्यांच्या हातात काहीच पडलं नाही. लावलेलं झाड मात्र लावणाऱ्याचं. फक्त वीस वर्षांनी ते लावलेलं होतं की उगवलेलं, हे दाखवायला कागद लागतो. आम्ही रोपं दिली, फोटो आमच्या अहवालासाठी काढले. नानांच्या हातात एक चिठ्ठीसुद्धा दिली नाही.

दुसरी गाठ जमिनीची. नाना मूळचे त्या गावचे नाहीत. त्यांची जमीन 'अबुनू'वर आहे. जमीनमालक रान देतो, कसणारा कोको वाढवतो, आणि झाडं फळाला आली की निम्मं-निम्मं. बऱ्याच गावांत हा करार तोंडी असतो आणि कोको उभा आहे तोवरच चालतो. म्हणून सेफ्वीत खोडसुजीच्या विषाणूने झाडं मरायला टेकली तरी कसणारा ती तोडू देत नाही. रोगट झाड तोडलं तर रोग थांबेल हे त्याला माझ्याइतकंच कळतं, पण झाडाबरोबर जमिनीवरचा हक्कही जाईल ही भीती त्याला आहे. आणि आम्ही गावोगाव जाऊन त्यांना 'रोगट झाड ओळखा' शिकवत होतो.

वाडीवाले, इथे पहिल्या दोन-तीन वर्षांच्या सावलीला केळीच लावतात, भाजीची केळी. बुंध्यांची गोष्ट मी उद्याच सांगणार आहे.

सुलभा_बीड

दादा, सगळं वाचलं. तुमच्या प्रश्नात बायका कुठेच नाहीत, म्हणून विचारते.

मी बचतगटांचं काम करते, ऊसतोडीला जाणाऱ्या गावांत. आमच्याकडे मुकादमाची उचल असते. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा उचल घ्यायची आणि हंगामभर ती फेडायची. तुमच्याकडे मुख्य पीक ऑक्टोबरपासून येत असेल, तर मे ते ऑगस्ट ती माणसं कशावर जगतात? तेव्हा पैसे कोण देतं? माझा अंदाज, तुमचाच गावातला खरेदीवाला देत असेल. मग वजनाला वाद घालायची हिंमत कोणाची होणार?

आणि पोरं. फळं फोडायला कोयताच लागतो ना? आमच्याकडे पोरं हंगामात फडावर जातात कारण घरी ठेवायला कोणी नाही आणि हातांची गरज आहे. साखरशाळा काढल्या तेव्हा काही पोरं थांबली. पण आईच्या हातात शाळेच्या दिवसांत पैसा असला की जास्त थांबली, हे मी डोळ्याने पाहिलंय. नुसतं "मुलांना कामाला लावू नका" असा फलक लावून काही होत नाही.

कुमासीकर

सुलभाताई, अंदाज खरा आहे. उधारी खरेदीवाल्याकडूनच होते.

मुलांबद्दल तुम्ही म्हणता ती दुखरी जागा आहे. घाना आणि आयव्हरी कोस्ट मिळून कोकोच्या कामात १५.६ लाख मुलं असल्याचा अभ्यास २०२० साली आला. चॉकलेट कंपन्यांनी हे थांबवू म्हणून सही केली होती २००१ला. मी पाहिलेली मुलं कोणाच्या धाकाने काम करत नव्हती, बापाबरोबर होती, कारण मजुराला द्यायला बापाकडे पैसे नव्हते. म्हणूनच सगळं भावाशी आणि पैशाच्या वेळेशी येऊन थांबतं.

माझ्या दोन गावांत बायकांचे बचतीचे गट आहेत. लोखंडी पेटी, तीन कुलुपं, तीन किल्ल्या तीन बायकांकडे. तिघी आल्याशिवाय पेटी उघडत नाही. ते गट आमच्या कामाच्या यादीत शेवटी होते. आता ठरवलंय की कंपनी भावावर जादा देते तो अधिभार हंगाम संपल्यावर न देता त्यातला अर्धा जूनमध्ये, या पेट्यांमधून द्यायचा. वरिष्ठांनी अजून होकार दिलेला नाही, मी मागे लागलोय. बायकांच्या नावाचा मुद्दाही आहेच. अकान लोकांत (अशांती त्यांतलेच) वारसा मामाकडून भाच्याला जातो. नवरा गेला की तीस वर्षं कोको वाढवलेल्या बाईला दिराकडे, नवऱ्याच्या भाच्याकडे बघावं लागतं. १९८५च्या कायद्याने विधवेला आणि मुलांना वाटा दिलाय, पण कुटुंबाच्या जमिनीला तो सहज लागत नाही. झाडाच्या कागदावर तिचं नाव घातलं तर निदान झाड तिचं राहील.

कागदाबद्दल. युरोपच्या जंगलतोडविरोधी नियमासाठी, म्हणजे ३१ डिसेंबर २०२० नंतर रान तोडून घेतलेला कोको तिकडे चालणार नाही त्यासाठी, आम्ही प्रत्येक शेताची हद्द फिरून नोंदवलीच आहे. त्याच नकाशावर लावलेली झाडं टिपायची, शेतकरी, जमीनमालक आणि गावचा प्रमुख तिघांच्या सह्या घ्यायच्या, आणि एक प्रत घरात. नकाशा युरोपसाठी झाला, तो नानांच्याही कामी यावा.

मंगळवारी कोरा नमुना घेऊन नानांकडे गेलो. तुमचा प्रश्न विचारला, "मोठं झाल्यावर कोणाचं?" ते बराच वेळ गप्प होते. मग उठले आणि घरामागे घेऊन गेले. शेतातून काढलेली ओफ्रामची सहा रोपं तिथे, न्हाणीच्या पाण्यावर, कुंपणाला लागून. अंगणातल्या झाडावर हक्क सांगायला कोणी येत नाही म्हणाले. एक माझ्या छातीइतकं आलंय.

ऐनाची_सावली, ही परत शेतात हलवता येतील का?

ऐनाची_सावली

छातीइतकं झालेलं हलवू नका, मुळं तुटतील आणि पहिल्या कोरड्या वाऱ्यात जाईल. गुडघ्याएवढी असतील ती मातीच्या गड्ड्यासकट, पाऊस नीट लागल्यावर. शेतासाठी नवीन रोपं द्या. पण नोंद करायला आधी अंगणातल्या सहापासून सुरुवात करा, आणि कागद नानांच्या बायकोसमोर वाचून दाखवा.

वाडीवाला_गुहागर

आणि त्या सहांच्या मधल्या जागेत केळी लावायला सांगा. न्हाणीचं पाणी आहे, वाया कशाला घालवायचं.